सरोगसी : प्रदेशनिहाय खर्च आणि कायदेशीर संरक्षण (तारनाका, हैदराबादच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

हैदराबादमधील तारनाका हा भाग उस्मानिया विद्यापीठाचा शेजारी म्हणून मराठवाड्यातील जुन्या पिढीला परिचित आहे. संस्थानी काळात औरंगाबाद, परभणी, नांदेडकडील अनेक विद्यार्थी उस्मानियात शिकण्यासाठी येत असत. आज याच परिसरात राष्ट्रीय पोषण संस्था व भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहेत आणि उप्पलच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की हबसिगुडा येथे पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र, म्हणजे सीसीएमबी लागते. या केंद्राचे संस्थापक-संचालक डॉ. पुष्प मित्र भार्गव यांचे 'अन्वेषणा' हे कार्यालय पुढे तारनाक्यातच होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ साली कृत्रिम प्रजनन केंद्रांसाठी जी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तिच्या चार संपादकांपैकी डॉ. भार्गव हे एक होत. सरोगसीविषयी सरकारी पातळीवर काही नियम प्रथम लिहिले गेले ते याच पुस्तिकेत.

त्या तत्त्वांत एक अट होती. सरोगसीतून जन्मलेले मूल जनुकीय आईवडिलांनी दत्तक घ्यावे. मात्र डीएनए चाचणीने ते त्यांचेच असल्याचे सिद्ध झाल्यास दत्तकविधानाची गरज नाही. डीएनएवरून ओळख पटविण्याचे तंत्र भारतात ज्या संस्थेत विकसित झाले ती संस्थाही सीसीएमबीच, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे. त्यानंतर वीस वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, तारनाक्यापासून काही किलोमीटरवर असलेल्या सिकंदराबादच्या गोपाळपुरम भागातील एक प्रकरण उघडकीस आले ते डीएनए चाचणीमुळेच. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, एका दांपत्याकडून सरोगसीच्या नावाखाली तीस लाख रुपयांहून अधिक रक्कम घेण्यात आली आणि जे बाळ त्यांच्या हाती दिले गेले ते हैदराबादेत राहणाऱ्या आसामच्या एका गरीब जोडप्याकडून नव्वद हजार रुपयांना घेतलेले होते. म्हणजे यात सरोगसी झालीच नव्हती, झाली ती मुलाची विक्री. या आरोपांचा निर्णय न्यायालयातच व्हावयाचा आहे. परंतु ज्या पद्धतीने एवढी रक्कम हातोहात गेली, ती पद्धत समजून घेण्यासाठी निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

सरोगसीविषयी बोलताना पहिला प्रश्न सहसा 'खर्च किती येतो?' असा असतो. हा प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. दिलेल्या पैशांपैकी नऊ महिने गर्भ वाढविणाऱ्या स्त्रीकडे किती पोहोचतात आणि काही बिघडल्यास कायदा मुलाच्या, त्या स्त्रीच्या व दांपत्याच्या मदतीला कोणत्या टप्प्यावर येतो, हे पाहिल्याशिवाय खर्चाच्या आकड्याला अर्थ प्राप्त होत नाही. प्रस्तुत लेखात निरनिराळ्या प्रदेशांची तुलना याच दृष्टीने केली आहे. सामुदायिक महाविद्यालयांतील अध्यापकांना या विषयाशी प्रत्यक्ष संबंध येतो, कारण रुग्णसेविका, प्रयोगशाळा सहायक, विमा प्रतिनिधी असे अभ्यासक्रम करणारे विद्यार्थी आणि विशेषतः विद्यार्थिनी ज्या वस्त्यांतून येतात, त्याच वस्त्यांत दलालांची ये-जा असते.

संकल्पना आणि खर्चाचे घटक

मराठीत या व्यवहाराला 'उसने मातृत्व', 'भाडोत्री गर्भाशय' असे शब्द वापरले गेले. त्यातील दुसरा शब्द त्या स्त्रीला घराच्या खोलीच्या पंक्तीला बसवितो. वर्गात तो टाळलेला बरा. येथे 'सरोगसी' व 'सरोगेट माता' हेच शब्द वापरले आहेत. जुन्या प्रकारात सरोगेट मातेचेच स्त्रीबीज वापरले जात असे, त्यामुळे मूल जनुकीयदृष्ट्याही तिचेच असे. आज प्रचलित असलेल्या प्रकारात इच्छुक दांपत्याचे बीज प्रयोगशाळेत फलित करून तयार झालेला भ्रूण तिच्या गर्भाशयात ठेवतात. तिचा त्या मुलाशी जनुकीय संबंध नसतो. भारतीय कायद्याला हाच प्रकार मान्य आहे.

खर्च यामुळेच अनेक पदरी होतो. स्त्रीबीजे अधिक संख्येने मिळावीत म्हणून द्यावयाची हार्मोन्सची इंजेक्शने, बीजे काढण्याची शस्त्रक्रिया, प्रयोगशाळेतील फलन, भ्रूण गोठवून ठेवण्याचे भाडे, प्रत्यारोपण, मग नऊ महिन्यांच्या तपासण्या व प्रसूती. भारतातील खासगी रुग्णालयांत केवळ कृत्रिम फलनाच्या एका आवर्तनालाच साधारणपणे दीड ते अडीच लाख रुपये लागतात आणि पहिल्याच प्रयत्नात यश येईल याची हमी कोणीही प्रामाणिक डॉक्टर देत नाही. वैद्यकीय खर्चाखेरीज वकील, विमा, सरोगेट मातेचा मोबदला (जेथे तो कायदेशीर आहे तेथे) आणि दलाली हे घटक येतात. यांपैकी दलालीचा आकडा कोणत्याच पावतीवर सापडत नाही.

कायद्याविना बाजार : भारत, २०१५ पर्यंत

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारत हे परदेशी दांपत्यांसाठी सरोगसीचे मोठे केंद्र बनले. गुजरातमधील आणंद, मुंबई, दिल्ली आणि हैदराबाद ही त्यातील ठळक ठिकाणे. अमेरिकेत जो व्यवहार लाख डॉलरच्या पुढे जाई, तो येथे साधारण पंचवीस ते तीस हजार डॉलरमध्ये, म्हणजे त्या वेळच्या दराने अकरा ते तेरा लाख रुपयांत होत असे. त्यातील अडीच ते चार लाख रुपये सरोगेट मातेला मिळत. प्रमाण काढले तर सुमारे पाव हिस्सा. ही रक्कम शेतमजूर वा घरकामगार स्त्रीच्या अनेक वर्षांच्या कमाईएवढी होती, हेही विसरता येत नाही. पुष्कळशा स्त्रियांनी त्यातून घर बांधले, मुलांना शिकविले. विधी आयोगाने ऑगस्ट २००९ मधील आपल्या २२८ व्या अहवालात कृत्रिम प्रजननाच्या एकूण व्यवसायाचा उल्लेख पंचवीस हजार कोटी रुपयांचा असा केला होता.

एवढ्या मोठ्या व्यवहाराला आधार होता तो केवळ २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा आणि ती बंधनकारक नव्हती. सरोगेट मातेचे वय ४५ पेक्षा अधिक नसावे, आयुष्यात तीनपेक्षा अधिक वेळा तिने हे करू नये, पैशांच्या व्यवहारात केंद्राने पडू नये, असे त्यांत म्हटले होते. ही कलमे वाचताना लिहिणाऱ्यांना धोका कोठे आहे हे नेमके दिसले होते असे वाटते. केंद्र आणि पैसा यांना वेगळे ठेवण्याची सूचना तर विशेष महत्त्वाची होती. पण तत्त्व मोडल्यास शिक्षा नव्हती.

२००८ साली दोन प्रकरणांनी हे उघडे पाडले. एका जपानी दांपत्यासाठी आणंद येथील सरोगेट मातेने गर्भ धारण केला आणि बाळ जन्मण्यापूर्वीच त्या दांपत्याचा घटस्फोट झाला. इच्छुक आईने जबाबदारी नाकारली, वडिलांना मूल हवे होते, पण भारतातून त्याला नेण्यासाठी कागद कोणत्या देशाने द्यावयाचा हेच ठरेना. शेवटी जपानहून आलेल्या आजीने बाळाला सांभाळले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दुसऱ्या प्रकरणात जर्मन दांपत्याच्या जुळ्या मुलांना जर्मनीने पारपत्र नाकारले, कारण तेथील कायद्याला सरोगसीच मान्य नव्हती. गुजरात उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये जन्म देणारी सरोगेट माता हीच आई, म्हणून मुले भारतीय, असा निर्णय दिला. ती मुले वडिलांच्या देशी पोहोचली २०१० साली, दत्तकविधानाच्या आडवाटेने. खर्च कमी म्हणून ज्या देशाची निवड केली, त्याच देशात मूल दोन वर्षे अडकून पडले, असा हा व्यवहार.

मराठी प्रेक्षकांना या प्रश्नाची ओळख बहुधा अहवालांपेक्षा 'मला आई व्हायचंय!' या चित्रपटाने अधिक करून दिली. पेशाने वकील असलेल्या समृद्धी पोरे यांच्या या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. परदेशी स्त्रीसाठी गर्भ धारण केलेल्या महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रीकडेच मूल राहते, असे त्याचे कथानक आहे. त्यावरून २०१३ साली 'वेलकम ओबामा' हा तेलुगू चित्रपट आणि २०२१ साली 'मिमी' हा हिंदी चित्रपट निघाला. म्हणजे मराठी गावातली ही गोष्ट हैदराबादच्या प्रेक्षकांपर्यंत तेलुगूतून पोहोचली होती. तोवर नियमही कडक होऊ लागले होते. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२ मध्ये व्हिसाच्या अटी कडक केल्या आणि २०१५ च्या अखेरीस परदेशी नागरिकांसाठी भारतातील सरोगसी बंद झाली.

अन्य प्रदेशांतील चित्र

खर्चाच्या शिडीवर सर्वांत वरच्या पायरीवर अमेरिका आहे. एकूण खर्च साधारण एक ते दोन लाख डॉलर आणि त्यात सरोगेट मातेचा मोबदला चाळीस ते साठ हजार डॉलर. म्हणजे साधारण एक तृतीयांश. मात्र 'अमेरिकेचा कायदा' असा काही एक कायदा नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा. कॅलिफोर्नियात दोन्ही बाजूंनी आपापला स्वतंत्र वकील नेमल्याशिवाय आणि करार पूर्ण झाल्याशिवाय वैद्यकीय उपचार सुरू करता येत नाहीत. मध्यस्थ संस्थेला पैसे स्वतःच्या खात्यात ठेवता येत नाहीत, ते त्रयस्थ खात्यात ठेवावे लागतात. पालकत्वाचा न्यायालयीन आदेश मूल जन्मण्यापूर्वीच घेता येतो. न्यूयॉर्क राज्याने फेब्रुवारी २०२१ पासून मोबदला देऊन केलेल्या सरोगसीला मान्यता दिली तेव्हा सरोगेट मातेच्या हक्कांची सनदच कायद्यात घातली. तिच्या वकिलाची फी, आरोग्यविमा आणि जीवनविमा हे सर्व इच्छुक पालकांनी द्यावयाचे. येथे खर्च वाढतो तो बऱ्याच अंशी या संरक्षणामुळे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ब्रिटनची वाट वेगळी आहे. १९८५ च्या कायद्याने तेथे नफ्यासाठी सरोगसी जुळवून देण्यास मनाई केली. सरोगेट मातेला वाजवी खर्च देता येतो व तो बारा ते वीस हजार पौंडांच्या आसपास जातो. परंतु जन्म देणारी स्त्रीच कायद्याने आई मानली जाते. जन्मानंतर सहा आठवड्यांनी तिची संमती घेऊन न्यायालय पालकत्व बदलते. यामुळे स्त्रीला पूर्ण संरक्षण मिळते, पण मूल आणि दांपत्य काही काळ अधांतरी राहतात. त्यामुळे अनेक ब्रिटिश दांपत्ये परदेशी जातात आणि परतल्यावर त्यांना पुन्हा ब्रिटिश न्यायालयासमोर उभे राहावे लागते.

युक्रेनमध्ये विवाहित स्त्री-पुरुष दांपत्याला कायद्याने जन्मापासूनच पालक मानले जाते आणि युद्धापूर्वी एकूण खर्च चाळीस ते पन्नास हजार डॉलर होता. कागदावर हे उत्तम संरक्षण. पण २०२० च्या मे महिन्यात महामारीमुळे सीमा बंद झाल्या तेव्हा कीव्हमधील एका हॉटेलात ओळीने ठेवलेल्या पाळण्यांतील बालकांची छायाचित्रे जगाने पाहिली. त्यांचे पालक देशोदेशी अडकले होते. २०२२ साली युद्ध सुरू झाले आणि गर्भवती सरोगेट मातांना बॉम्बहल्ल्यांत राहावे की दुसऱ्या देशात जावे हा प्रश्न पडला. दुसऱ्या देशात प्रसूती झाल्यास तेथील कायद्याने तीच आई ठरण्याची शक्यता होती.

आशियात भारताने दार लावताच व्यवहार शेजारी सरकला, हा क्रम पाहण्यासारखा आहे. थायलंडने २०१४ मधील एका गाजलेल्या प्रकरणानंतर २०१५ मध्ये कायदा करून परदेशीयांना मनाई केली. नेपाळमध्ये काही काळ हा व्यवसाय चालला. सरोगेट माता बहुतांशी भारतीय स्त्रिया असत. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर इस्रायलने आपल्या नागरिकांची नवजात बालके विमानाने नेली, त्यांना जन्म देणाऱ्या स्त्रिया मात्र मागे राहिल्या. त्याच वर्षी नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने तो व्यवहार थांबविला. मग पाळी कंबोडियाची. तेथे २०१६ मध्ये बंदी आली आणि २०१८ मध्ये तीसहून अधिक गर्भवती सरोगेट मातांना मानवी तस्करीच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांची सुटका झाली ती जन्मणारे मूल स्वतः वाढविण्याच्या अटीवर. ज्या मुलांशी त्यांचा रक्ताचा संबंध नव्हता ती वाढविण्याची जबाबदारी, आणि ठरलेले पैसेही नाहीत. बंदीचा भार कोणावर पडतो हे एवढ्या उघडपणे दाखविणारे दुसरे उदाहरण नसेल. याउलट इटलीने ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशात जाऊन सरोगसी करणाऱ्या आपल्या नागरिकांनाच शिक्षेस पात्र ठरविले.

मुस्लिम देशांतही एकवाक्यता नाही. इस्लामी परिषद संघटनेच्या फिकह अकादमीने १९८६ मध्ये अम्मान येथील अधिवेशनात पतिपत्नीच्या विवाहसंबंधाबाहेरील व्यक्तीचे बीज वा गर्भाशय वापरणे निषिद्ध ठरविले. त्यामागे 'नसब' म्हणजे वंशपरंपरा संदिग्ध होऊ नये हा विचार आहे. बहुतेक सुन्नी विद्वान हेच मत मानतात. इराणमध्ये मात्र अनेक शिया विद्वानांच्या फतव्यांच्या आधारे सरोगसी चालते आणि भ्रूणदानाबाबत तेथे २००३ सालचा कायदाही आहे. भारतात सरोगसीचा कायदा सर्व धर्मीयांना सारखाच लागू आहे, त्यामुळे हा प्रश्न येथे कायद्याचा नसून त्या दांपत्याच्या श्रद्धेचा राहतो. मूल वाढविण्याचा दुसरा मार्गही खुला आहे. बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे.

भारताचा २०२१ चा कायदा

सरोगसी (नियमन) कायदा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्याने मोबदल्याची सरोगसी बंद केली व केवळ परोपकारी सरोगसी ठेवली. वैद्यकीय खर्च, ठरवून दिलेला अन्य खर्च व विमा याखेरीज सरोगेट मातेला पैसे देता येत नाहीत. तुलनेच्या भाषेत बोलावयाचे तर तिचा हिस्सा शून्य झाला. डॉक्टर आपली फी घेतो, प्रयोगशाळा घेते, वकील घेतो, विमा कंपनी हप्ता घेते. विनामूल्य काम करण्याची अपेक्षा फक्त तिच्याकडून आहे. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१७ च्या अहवालात हीच हरकत घेतली होती आणि वाजवी भरपाईच्या पद्धतीची शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाही.

मोबदल्याचा मुद्दा बाजूला ठेवल्यास या कायद्यातील संरक्षणाची रचना मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ पक्की आहे. सरोगेट माता २५ ते ३५ वयाची, विवाहित (वा पूर्वी विवाह झालेली) आणि स्वतःचे मूल असलेली हवी. आयुष्यात एकदाच तिला हे करता येते. इच्छुक दांपत्यात पत्नीचे वय २३ ते ५० व पतीचे २६ ते ५५ असावे लागते. ३५ ते ४५ वयाच्या विधवा व घटस्फोटित स्त्रियांनाही परवानगी आहे, अविवाहित स्त्रीला नाही. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या दांपत्याला मंडळाची शिफारस घ्यावी लागते. दात्याचे बीज वापरण्यावर मार्च २०२३ मध्ये सरसकट बंदी आली होती; फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने, जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रावर, दोघांपैकी एकाचे बीज दात्याकडून घेता येते. विमा ३६ महिन्यांचा, इच्छुक दांपत्याने सरोगेट मातेच्या नावे काढावयाचा. मुलात दोष आहे म्हणून वा अन्य कोणत्याही कारणाने त्याला टाकून देता येत नाही.

यातील सर्वांत मोलाची तरतूद पालकत्वाच्या आदेशाची आहे. इच्छुक दांपत्य व सरोगेट माता यांनी मिळून प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा आणि जन्मणाऱ्या मुलाचे पालकत्व व ताबा यांविषयी आदेश आधीच मिळवावयाचा. मूल जन्मल्यावर तोच आदेश जन्माचा पुरावा ठरतो. तारनाक्यातील एखाद्या दांपत्याने सरोगसीचा विचार केल्यास जिल्हा वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र, दंडाधिकाऱ्याचा आदेश, विम्याचा दाखला आणि सक्षम अधिकाऱ्याचे पात्रता प्रमाणपत्र एवढे हाती आल्यावरच पुढे जाता येते.

आता प्रस्तावनेतील प्रकरणाकडे पाहावे. खोट्या सरोगसीचा सारा डोलारा एकाच गोष्टीवर उभा राहतो : दांपत्य आणि सरोगेट माता यांची गाठ पडू द्यावयाची नाही. सर्व काही केंद्रामार्फत, परगावी, गुप्ततेच्या नावाखाली. ज्या दांपत्याने दंडाधिकाऱ्यासमोरील संयुक्त अर्जाचा आग्रह धरला, त्याला अस्तित्वातच नसलेली सरोगेट माता दाखविणे कोणालाही शक्य नाही. तीस लाखांच्या पावतीने जे संरक्षण दिले नाही ते या एका कागदाने दिले असते. तो लाखांचा नाही, वकिलाच्या फीचा कागद आहे. आणि आकडे मांडावयाचेच तर, पोलिसांनी सांगितलेली रक्कम खरी धरल्यास जन्मदात्या जोडप्याकडे गेले ते शंभर रुपयांतले तीन रुपये. कायद्याविना चाललेल्या बाजारातसुद्धा हे प्रमाण पंचवीसच्या आसपास होते.

हैदराबादची ही एकच घटना नाही. जून २०१७ मध्ये, म्हणजे नवा कायदा येण्यापूर्वी, बंजारा हिल्समधील एका केंद्रावर छापा पडला तेव्हा चाळीसहून अधिक गर्भवती स्त्रिया एकत्र ठेवलेल्या आढळल्या होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये रायदुर्गम भागात ओडिशाहून आणलेल्या एका तरुण स्त्रीचा इमारतीच्या नवव्या मजल्यावरून पडून मृत्यू झाला. पोलिसांच्या माहितीप्रमाणे तिला दहा लाख रुपयांच्या बोलीवर सरोगसीसाठी आणले होते आणि त्या घरातील त्रासातून सुटण्याचा ती प्रयत्न करीत होती. मोबदला बेकायदा असल्याने तिच्याजवळ करार नव्हता, वकील नव्हता, विमा नव्हता. व्यवहार चोरून होतो तेव्हा तक्रारही चोरून करावी लागते, किंवा होतच नाही. कायद्याने किंमत पुसली असली तरी गरज पुसलेली नाही, हे या घटनेत दिसते. कायद्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोबदल्याच्या सरोगसीसाठी केंद्रचालकांना दहा वर्षांपर्यंत कारावास व दहा लाखांपर्यंत दंड असला, तरी न्यायालयाने प्रथमतः असेच गृहीत धरावयाचे आहे की त्या स्त्रीवर पतीने, इच्छुक दांपत्याने वा नातेवाइकाने सक्ती केली. कंबोडियात झाले ते येथे होऊ नये, एवढी काळजी या गृहीतकात आहे.

अध्यापकांसाठी काही बाबी

सरोगसीने मूल झालेल्या अध्यापिकेला प्रसूती रजा मिळते का, हा प्रश्न महाविद्यालयांच्या कार्यालयात अधूनमधून येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ मध्ये ही रजा नाकारता येणार नाही असा निर्णय दिला. मातृत्व म्हणजे केवळ प्रसूती नव्हे, बाळाला सांभाळण्याचा काळही त्यात येतो, असा त्याचा आशय. केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या रजा नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार दोनपेक्षा कमी हयात मुले असलेल्या सरोगेट माता व इच्छुक माता या दोघींनाही १८० दिवसांची रजा आणि इच्छुक पित्याला १५ दिवसांची रजा देता येते. राज्य व अनुदानित संस्थांतील कर्मचाऱ्यांना ते नियम आपोआप लागू होत नाहीत, त्यामुळे आपल्या सेवानियमांची तपासणी करावी. वयाच्या अटीविषयीही नवा निर्णय आहे. कायदा लागू होण्यापूर्वी ज्यांनी भ्रूण गोठवून ठेवले होते त्या दांपत्यांना वयोमर्यादा लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये म्हटले.

विद्यार्थिनींपुढे मात्र हे निर्णय मांडण्यापूर्वी स्त्रीबीजदानाविषयी सांगणे अगत्याचे आहे, कारण वस्तीतील दलाल पहिली विचारणा बहुधा त्याचीच करतो. २०२१ च्याच कृत्रिम प्रजनन कायद्याप्रमाणे स्त्री आयुष्यात एकदाच, २३ ते ३५ या वयात, स्त्रीबीजदान करू शकते आणि तिच्यापासून सातपेक्षा अधिक बीजे काढता येत नाहीत. तिच्याही नावे विमा काढावा लागतो. 'पुढच्या महिन्यात पुन्हा ये' असे सांगणारा इसम कायदा मोडीत आहे, हे अठरा-वीस वर्षांच्या मुलीला ठाऊक असले पाहिजे.

सरोगेट मातेच्या संमतीविषयीची तरतूद वर्गात मूळ शब्दांवरून समजावून द्यावी. उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम तिला सांगितलेच पाहिजेत आणि संमतिपत्र तिला समजणाऱ्या भाषेत लेखी असले पाहिजे. तारनाका, लालागुडा, सिकंदराबादच्या पट्ट्यात तेलुगू, उर्दू, मराठी, ओडिया, आसामी बोलणारी कामकरी कुटुंबे राहतात. इंग्रजीतील दहा पानी संमतिपत्रावर उमटविलेला अंगठा या तरतुदीत बसत नाही. सही झाल्यानंतरही भ्रूण गर्भाशयात ठेवला जाईपर्यंत तिला आपली संमती मागे घेता येते.